मदत हवी आहे : कन्नड घाटात डिझेल स्विफ्ट दम टाकते, घरच्या घरी काय करता येईल?

राम राम मंडळी. गाडी जुनी डिझेल स्विफ्ट, ते फियाटवालं १.३ मल्टिजेट इंजिन, १ लाख ४० हजार चाललेली. धुळे-जळगाव रोडला काही तक्रार नाही. चाळीसगावहून संभाजीनगरला निघालो की कन्नड घाटात मात्र रडते. चार माणसं, एसी चालू आणि वळणावर समोर छोटा हत्ती आला की सेकंडमध्ये आरपीएम १५०० वर येतो. मग पाय कितीही दाबा, नुसती घुरघुरते, मागे काळा धूर. २००० च्या वर गेली की एकदम उचलते. या इंजिनचा १९० न्यूटन-मीटर टॉर्क २००० लाच येतो, त्याखाली टर्बो लॅग (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा जोर यायला लागणारा उशीर) असणारच, मान्य. पण पूर्वी एवढा नव्हता.

मित्र म्हणतात कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूसारखा उघडा एअर फिल्टर) टाक, आवाज पण भारी येतो. आवाजाने घाट चढत नाही! उघडा कोन बॉनेटखालची गरम, विरळ हवा ओढणार. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४४-४५ असतं. वर शेतरस्त्याची धूळ. दुसरा सल्ला ट्यूनिंग बॉक्सचा. तो डबा ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) कमी असल्याचं खोटंच कळवतो, मग ईसीयू दाब वाढवतो. जुना क्लच आणि इंजेक्टर हे झेपवतील का?

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवे आहेत. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) कधी खोलून साफ केला नाही. टी-पाना, पकड घरी आहे. अंगणात काय काय करता येईल?

प्रतिसाद : भाऊ, पॉवर वाढवायचं नंतर बघू, आधी कंपनीने दिलेली तरी पूर्ण मिळते का ते बघा. टर्बोकडून इंजिनात जाणारा रबरी होज तपासा. इंजिन थंड असताना क्लॅम्पच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. आत थोडं तेल असतंच, पण बाहेरून ओलं असेल आणि त्यावर धूळ चिकटली असेल तर तिथून हवा सुटतेय. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून काळा धूर. चढावर सूं-सूं आवाज येतो का तेही ऐका. ईजीआर घरी साफ होतो: बॅटरीची निगेटिव्ह काढा, काजळी कार्ब क्लीनरने मऊ करा, पत्र्याने खरवडू नका, गॅस्केट नवीन टाका. ईजीआर कायमचा बंद करा म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. धुराचे नियम आहेत. रीमॅपचं (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून पॉवर वाढवायचं) बोलणं क्लच बदलल्यावर.

धागाकर्ता : दादा, आताच बघितलं. खालच्या क्लॅम्पपाशी बोट काळंकुट्ट झालं, होजला बारीक चीरही दिसतेय. हा होज चाळीसगावात मिळेल की धुळ्याला चक्कर मारावी लागेल? आणि तोवर घाटात न्यावी का?