कुसळीचं ताजं बी उगवत का नाही

कोल्हापुरात दिवाळीनंतर गोळा केलेलं कुसळी गवताचं बी लगेच वाफ्यात टाकलं, महिना झाला तरी कोंब नाही, असा प्रश्न आलाय. त्यात तुमची चूक नाही. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, म्हणजे जिवंत असूनही काही महिने उगवत नाही. कागदी पिशवीत, कोरड्या जागी ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये पेरा. हवाई बेटांवर हेच गवत 'पिली' म्हणून देशी आहे, पूर्वी घरं त्यानंच शाकारत. तिथेही बागेत लावण्याआधी बी काही महिने साठवून ठेवतात.

पेरताना कुसं, म्हणजे बियांना असलेल्या लांब शेपट्या, कापून टाका. कुसाला पीळ असतो, ओल लागली की तो उलगडतो, कुसं एकमेकांत गुंततात आणि बियांचा गुंडा एकाच जागी पडतो. वर अर्धा सेंटिमीटर माती पुरे.

पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरते, म्हणून वीतभर उंच गादीवाफा करा: दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू. शेणखत अजिबात नको! खतानं तण माजतं आणि कुसळी सावलीत मरते. खुरपणी चुकवू नका. ठोंब फोडून लावायचे तर आषाढात, पानं वीतभर ठेवून वरची छाटून.

घरी शेळ्यामेंढ्या असतील तर फुलोऱ्याआधीच कापा, नाहीतर कुसं तोंडात नि कातडीत रुततात.