८ ट्रॅक टेपवर बँड: सिंबल दबलेले, स्नेअर फाटलेला, गाणं मागे

रीळप्रेमी:
अर्ध्या इंची टेपचं ८ ट्रॅक मशीन, वेग सेकंदाला १५ इंच. ड्रम, बास आणि गिटार एकत्र वाजतात, गाणं नंतर ओव्हरडब करतो, म्हणजे आधीचे ट्रॅक ऐकत वेगळ्या ट्रॅकवर भरतो. सिंबल (ड्रमच्या झांजा) घोंगडीखालून आल्यासारखे ऐकू येतात. स्नेअर ड्रमचा आवाज फाटतो, पण मीटर शून्याच्या पुढे जातच नाही. शिवाय गायक तालात असूनही ओव्हरडब दर वेळी तेवढाच मागे पडतो. टेप नवी आहे, मशीन आधी वेगळ्या जातीच्या टेपवर चालायचं. माइक बदलू का?

ठोकाताल:
माइकना हात लावू नका.

स्नेअरचं आधी. व्हीयू मीटरची सुई शून्यापर्यंत पोचायला साधारण ३०० मिलिसेकंद घेते. स्नेअरचा ठोका त्याच्या कितीतरी आधी विरतो, त्यामुळे सुई शून्यावर दिसते तेव्हा खरं शिखर १० डेसिबल किंवा त्याहूनही वर गेलेलं असतं. स्नेअर उणे ५ ते उणे ७ वर ठेवा, हाय-हॅट आणि टॅम्बोरिन त्याहूनही खाली. बास खुशाल शून्यावर जाऊ दे, तो टेपवर छान बसतो.

गाणं मागे पडतंय कारण गायकाच्या हेडफोनमध्ये जुने ट्रॅक प्लेबॅक हेडवरून येताहेत. टेप आधी रेकॉर्ड हेडवरून जाते, मग प्लेबॅक हेडवर. दोन हेडमध्ये २ इंच अंतर धरलं तर १५ इंच वेगाला १३३ मिलिसेकंदांचा फरक पडतो. जुने ट्रॅक सिंकवर टाका, म्हणजे ते रेकॉर्ड हेडवरूनच ऐकू येतील. काही मशीनवर सिंकचा आवाज थोडा मंद असतो, तो फक्त वाजवताना ऐकण्यापुरता. मिक्स नेहमी प्लेबॅक हेडवरूनच.

खोलीतला_माइक:
ट्रॅकची वाटणीही तपासा. कडेचे ट्रॅक, म्हणजे १ आणि ८, टेपची कडा जरा दुमडली तरी सिंबलसारखे उंच स्वर गमावतात. तिथे बास आणि किक (पायाने वाजवायचा ड्रम) ठेवा. मी अशी मांडणी करेन: १ बास, २ स्नेअर, ३ आणि ४ ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावलेले माइक), ५ गिटार, ६ गाणं, ७ मोकळा, ८ किक. बाउन्स करताना, म्हणजे काही ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवताना, शेजारच्या ट्रॅकवर कधीच नको. सिंकवर वाजणारा ट्रॅक हेडमधूनच शेजाऱ्यात झिरपतो आणि शिट्टी सुरू होते. म्हणजे इथे ७ वर काही उतरवायचं असेल तर ६ आणि ८ सोडून बाकीचे घ्या.

ओव्हरहेडसाठी सुतळी वापरा. एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा. पहिला माइक बरोबर वर, सुमारे १ मीटरवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, त्याच सुतळीच्या लांबीवर. अंतर सारखं नसेल तर दोन्ही मिसळल्यावर स्नेअर पोकळ होतो. मोनोमध्ये ऐकून खात्री करा, कारण टेपवर गेल्यावर ही चूक दुरुस्त होत नाही.

रीळप्रेमी:
सिंकचं पटलं, गाणं जागेवर आलं. लेव्हल खाली घेतल्यावर स्नेअरही साफ झाला. सिंबल अजून तसेच. कॅलिब्रेशन टेपवर (ठरलेल्या लेव्हलचे सूर भरलेली टेप) १० किलोहर्ट्झ सगळ्या ट्रॅकला बरोबर येतं, पण मीच रेकॉर्ड केलेला १० किलोहर्ट्झ ४ डेसिबल खाली. रेकॉर्ड ईक्यू (रेकॉर्ड होताना उंच स्वर कमी-जास्त करणारं) वाढवू?

बायसदार:
नको, अजून नको. कॅलिब्रेशन टेप बरोबर वाजली म्हणजे प्लेबॅकची बाजू आणि अझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) ठीक. दोष रेकॉर्डच्या बाजूला आहे, आणि टेपची जात बदलली आहे, त्यामुळे पहिला संशय बायसवर, म्हणजे रेकॉर्ड करताना आवाजासोबत टेपवर जाणाऱ्या, कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च कंपनाच्या सिग्नलवर. बायस जास्त झाला की उंच स्वर दबतात, कमी झाला की आवाज खरखरीत होतो. ईक्यूने हे झाकलंत तर चुकलेला बायस तसाच राहतो.

सुरुवात सफाईने. हेड आणि गाइड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबराच्या पिंच रोलरला मात्र ते लावू नका, रबर कोरडं पडतं. मग मशीन बंद करून, सगळ्या टेप खोलीबाहेर नेऊन डीमॅग्नेटायझर (हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व घालवणारं यंत्र) फिरवा: एक मीटर लांब असताना चालू, सावकाश जवळ, सावकाश परत लांब, मगच बंद. हेडजवळ असताना बंद केलात तर हेड उलट चुंबकीय होतं आणि पुढच्या वेळी कॅलिब्रेशन टेपचेच उंच स्वर पुसत जातं. ती टेप लावताना आठही ट्रॅक सेफवर (रेकॉर्डिंग बंद) हवेत.

आता कोरी टेप, मीटरवर उणे १०, सूर १० किलोहर्ट्झ, ऐकायचं प्लेबॅक हेडवरून. बायस पूर्ण खाली आणा आणि हळूहळू वाढवा. आवाज चढेल, शिखर गाठेल, मग उतरू लागेल. शिखरापासून किती उतरवायचं ते टेपच्या माहितीपत्रकात असतं. १५ इंच वेगाला बऱ्याच टेपना सुमारे ३ डेसिबल लागतात, हेडच्या गॅपनुसार (हेडमधल्या फटीनुसार) आकडा बदलतो. स्क्रू फिरवला की क्षणभर थांबा, बदल प्लेबॅक हेडपर्यंत यायला वेळ लागतो. त्यानंतर १ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड लेव्हल, मग १० किलोहर्ट्झवर रेकॉर्ड ईक्यू. क्रम हाच, कारण बायस हलला की बाकी दोन्ही हलतात.

नॉइज रिडक्शन (टेपची सरसर कमी करणारी यंत्रणा) लावत असाल तर हे सगळं ते बायपास करून करा. दोनास एक दाबणाऱ्या यंत्रणेत टेपवरची १ डेसिबलची चूक बाहेर येताना २ डेसिबलची होते.