यादी तपासून हवी: आरटीएक्स ५०९०, फोर-के मॉनिटर आणि नागपूरचा मे महिना

कडक_ऊन

मॉनिटर घेऊन झालाय: ३२ इंची फोर-के ओएलईडी, २४० हर्ट्झ. आता त्याला साजेसा पीसी जोडायचाय. मुख्यतः गेमिंग, कधीमधी व्हिडिओ एडिटिंग. यादी अशी: रायझन ९ ९९५०एक्स३डी, एक्स८७०ई चिपसेटचा मदरबोर्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम (१६-१६ च्या चार स्टिक, ६४०० स्पीड), आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड, जेन ५ एसएसडी २ टीबीच्या दोन, ८५० वॅट गोल्ड एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), ३६० मिमीचा लिक्विड कूलर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला. घरात ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आहे, त्यावरच चालवावं म्हणतोय. खोलीत एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. पैसे कुठे वाया जातायत आणि कुठे कमी पडतायत?

निळा_पडदा

प्रोसेसर बदला. ९९५०एक्स३डीत आठ-आठ कोअरच्या दोन चिप असतात आणि जास्तीचा कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) त्यातल्या एकीवरच असतो. गेम त्याच चिपवर चालावा म्हणून चिपसेट ड्रायव्हर, गेम बार आणि विंडोज या तिघांचं जुळावं लागतं. एखाद्या गेमला ते ओळखता आलं नाही की फ्रेम घसरतात. ९८००एक्स३डीत एकच चिप, आठ कोअर, ९६ एमबी एल३ कॅश, भानगडच नाही. कधीमधीच्या एडिटिंगला तो पुरतो. रोज तासन् तास रेंडर लावणार असाल तरच सोळा कोअर घ्या.

‘फोर-केला प्रोसेसर कुठलाही चालतो’ असं कुणी सांगेल, ते मात्र ऐकू नका. डीएलएसएस या तंत्राच्या परफॉर्मन्स मोडवर कार्ड आतून १०८० रेषांचंच चित्र काढतं आणि मग मोठं करतं. २४० हर्ट्झच्या मागे लागलात की प्रोसेसरच आधी दमतो.

रॅमच्या चार स्टिक एएम५ वर (म्हणजे या रायझनच्या सॉकेटवर) घेऊ नका. एएमडी चार स्टिकला अधिकृतपणे ३६०० चाच स्पीड देते; त्यावर जे मिळेल ते नशीब. ३२ च्या दोन घ्या, ६००० स्पीड, सीएल३० (विलंबाचा आकडा, कमी तो बरा), एक्सपो प्रोफाइल (एएमडीसाठीचं तयार सेटिंग) असलेल्या. ६४०० ला प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर रॅमच्याच वेगाने, एकास एक, चालेलच याची खात्री नाही, आणि एक्स३डीवर फरक नगण्य. सध्या रॅमचे भाव इतके चढलेत की गेमिंगपुरतं पाहायचं तर १६ च्या दोनही पुरतील. आणखी दोन नंतर टाकू, असं मात्र ठरवू नका. पुन्हा चार स्टिकचाच घोळ.

बोर्डवर एवढा खर्च कशाला? चांगल्या व्हीआरएमचा (प्रोसेसरला वीज देणारा भाग) बी८५० चिपसेटचा बोर्ड पुरे. बऱ्याच एक्स८७०ई बोर्डांवर दुसरी जेन ५ एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेन (डेटाच्या वाटा) आठ होतात. नुकसान एखाद-दोन टक्के, म्हणजे रडण्यासारखं नाही, पण महागडा बोर्ड घेऊन ते तरी का? मॅन्युअलमधला लेनचा तक्ता खरेदीआधी वाचा. गेमसाठी जेन ४ एसएसडीच घ्या. लोडिंगमधला फरक घड्याळ लावूनच कळेल, आणि जेन ५ तापते ती वेगळीच.

तांब्याची_तार

विजेचं मी बोलतो, कारण या यादीत सगळ्यात धोकादायक ओळ तीच आहे.

५०९० एकटं ५७५ वॅट खातं. एनव्हिडियाच्या शिफारशीतच किमान १००० वॅट आहे. १२०० चा एटीएक्स ३.१ मानकाचा एसएमपीएस घ्या, ज्यात १२व्ही-२x६ ची (कार्डाला वीज देणाऱ्या कनेक्टरची) स्वतःची केबल असेल. कार्डासोबत येणारा चार तोंडांचा अडॅप्टर खोक्यातच राहू द्या.

कनेक्टर का वितळतो हे समजून घ्या. ५७५ भागिले १२, म्हणजे ४८ अँपिअर, सहा पिनांवर सारखे वाटले तर प्रत्येकी ८. पिनची मर्यादा साडेनऊच्या आसपास. दोन पिनांचा संपर्क सैल झाला की उरलेल्या चारांवर १२-१२ येतात आणि प्लास्टिक मऊ पडतं. बहुतेक ५०९० वर सगळ्या तारा आत गेल्या गेल्या एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे कुठली तार जास्त ओढतेय हे कार्डाला कळत नाही. (एसुसच्या ॲस्ट्रलमध्ये पिननिहाय करंट दिसतो. किंमत मात्र बघवत नाही.) म्हणून प्लग शेवटपर्यंत दाबा, मधे फट दिसता कामा नये, तोंडापासून ३५ मिमीपर्यंत केबल वाकवू नका, सारखा काढ-घाल करू नका, हा कनेक्टर जेमतेम तीस वेळांसाठी बनवलेला असतो. दुसऱ्या एसएमपीएसची केबल बसली तरी लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. तारांचा करंट मोजायचा तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. वायरमनकडचा साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो शून्यच दाखवेल.

इन्व्हर्टरचा नाद सोडा. पूर्ण लोडवर भिंतीतून आठशेच्या वर वॅट जातील, ९०० व्हीए ओव्हरलोड होऊन बसेल, त्यात घरातले पंखे-दिवेही त्यावरच. पीसीला वेगळा, शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस द्या, निदान १२०० वॅटचा. वॅट बघा, व्हीए नाही. स्क्वेअर वेव्हवर हे एसएमपीएस कुरकुरतात किंवा सरळ बंद पडतात. वेगळा स्टॅबिलायझर नको. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट सांभाळतो.

प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट बघा. दोन-तीनच्या आत हवेत. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजा: एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरांमुळे बॉडीवर निम्मे, म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर व्होल्ट तरंगत असतात.

झरोका

कॅबिनेटचं नावच दिलं नाहीत, आणि ५०९० त्यातच अडकतं. बाजारातली बरीच कार्डं ३३० ते ३६० मिमी लांब आणि साडेतीन स्लॉट जाड आहेत. पुढे रेडिएटर लावला की त्याचे २७ आणि पंख्यांचे २५ असे ५२ मिमी गेले. ‘४०० मिमीपर्यंत कार्ड बसेल’ लिहिलेल्या कॅबिनेटमध्ये राहिले ३४८. रुंदीही मोजा, कार्डाची उंची अधिक केबलचे ते ३५ मिमी; नाहीतर काच केबलला दाबते आणि वर सांगितलेलाच प्रसंग ओढवतो. कार्डाखाली टेकू हवाच.

रेडिएटर वर लावा आणि पुढची जाळी गार हवेला मोकळी ठेवा. खरं तर ९८००एक्स३डीला लिक्विड कूलर लागतच नाही. गेममध्ये तो शंभर वॅटच्या आतच असतो. दुहेरी टॉवरचा एअर कूलर पुरे (उंची १५५ ते १६८ मिमी, कॅबिनेटमध्ये बसते का बघा).

निळा_पडदा

इथे माझं वेगळं मत. ५०९० ची गरम हवा थेट वर येते आणि एअर कूलर तीच ओढतो. या कार्डासोबत वर लावलेला ३६० चा लिक्विड कूलरच बरा.

झरोका

वरचा रेडिएटरही तीच हवा ओढणार ना! फरक दोन-चार अंशांचा. त्या पैशात तळाला तीन पंखे लावा, कार्डाला थेट गार हवा मिळेल.

नागपुरात खरा प्रश्न खोलीचा आहे. २५ अंशांच्या खोलीत ७५ वर राहणारं कार्ड ४२ अंशांत ९२ वर जायला बघेल, आणि ५०९० ची मर्यादा ९० आहे. म्हणजे क्लॉक (चिपचा वेग) पडणार. आफ्टरबर्नर या ॲपमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करा. ४६० वॅट होतात, फ्रेम साधारण पाच टक्के जातात. पिनांवरचा ताणही तेवढाच उतरतो. हे पहिल्याच दिवशी करा, उन्हाळ्याची वाट बघू नका. डेझर्ट कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत छान चालतो, फक्त खिडकी उघडी ठेवा आणि झोत पीसीवर घेऊ नका. तुषारांतल्या पाण्याचे क्षार बोर्डावर बसतात.

कडक_ऊन

मग एक पायरी खालचं ५०८० च घेऊ का?

निळा_पडदा

जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या भारतातल्या किमती ५०९० ला २,१४,००० आणि ५०८० ला १,०७,००० होत्या. दुकानात त्याहून जास्त मोजावे लागतात. दुप्पट पैशांत फोर-केला वेग साधारण दीडपट मिळतो, आणि मेमरी १६ ऐवजी ३२ जीबी. ५०८० ला ३६० वॅट लागतात, म्हणजे ८५० चा एसएमपीएस पुरतो, यूपीएस लहान होतो, खोली कमी तापते. एसी बसवणार नसाल तर माझं मत ५०८० ला. पाथ ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणं) सगळं चालू ठेवून खेळायचंय? तर ५०९०, पण एसीसकट.

तांब्याची_तार

कुठलंही घ्या, बिलावर सीरियल नंबर आणि भारतातली वॉरंटी लिहून घ्या. मग जीपीयू-झेड या ॲपमध्ये आरओपी (चिपमधले पिक्सेल लिहिणारे भाग) मोजा: ५०९० ला १७६, ५०८० ला ११२. सुरुवातीच्या काही कार्डांत आठ कमी निघाले होते आणि एनव्हिडियाने ते मान्यही केलं. तसं निघालं तर बदलून मागा.

बोर्डाचं बायोस आधी अपडेट करा. फ्लॅशबॅक बटण असलेल्या बोर्डावर एफएटी३२ केलेल्या पेनड्राईव्हवरून प्रोसेसर न लावताही होतं. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला) काही मिनिटं लागतात, तोवर पडदा काळाच राहतो. त्यात बटण दाबून बंद केलंत तर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. आणि मॉनिटरची केबल कार्डाला जोडा, बोर्डाला नाही.