पुण्याहून दिवाडी बेटावर: वर्षभरासाठी भाड्याचं घर कसं शोधावं?

कर्वेनगरकर विचारतात:

नमस्कार मंडळी. बदलीमुळे आम्ही पुण्याहून गोव्यात येतोय. ऑफिस पणजीत पाटोला, आठवड्यातून तीन दिवस जायचं, बाकी काम घरून. घरात आम्ही दोघं आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. पर्वरी-ताळगावचे फ्लॅट बघायचे नाहीत, दिवाडीवरच राहायचं मनात आहे. पण वेबसाइटवर दिवाडीचं म्हणून जे दिसतं ते बहुतेक रोजच्या दराने पर्यटकांना दिलेलं. वर्षभरासाठी टू बीएचके मिळेल का? शोधायचं कुठे, करार कसा करतात आणि घर बघताना काय काय तपासायचं?

चिरेबंदी:

'टू बीएचके' म्हणून शोधलंत तर दिवाडीवर फारसं हाती लागणार नाही. तिथे मिळतो तो जुन्या घराचा एक भाग, वरचा मजला, नाहीतर मागच्या अंगणातल्या दोन-तीन खोल्या. अशी घरं जाहिरातीपेक्षा तोंडी कळतात. बेटावरच्या पिएदाद आणि मालार गावांतल्या किराणा दुकानांत, सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराकडे, फेरीबोटीच्या धक्क्यावर विचारा. 'वर्षभरासाठी, कुटुंबाला, आम्ही स्वतः राहणार' हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण घरमालकाला धास्ती असते ती घर घेऊन परस्पर पर्यटकांना देणाऱ्यांची.

दुसरा घोळ सीझनचा. ऑक्टोबर ते मे रोजच्या भाड्यात जास्त पैसे सुटतात. म्हणून काही मालक जूनमध्ये स्वस्तात घर देतात आणि नाताळच्या तोंडावर खाली करायला सांगतात. 'डिसेंबरसकट सलग अकरा महिने' हे बोलण्यातही ठरवा आणि करारातही लिहून घ्या.

आता फेरी. दिवाडीला पूल नाही. बोटी तीन बाजूंनी: जुने गोवे, सां पेद्र आणि डिचोलीकडून नार्वे. पाटोला जायचं तर सां पेद्रची बोट सोयीची, कारण तिथून रायबंदरमार्गे सरळ बांधावरच्या रस्त्याने पाटो. त्यामुळे घर बेटावर कुठे आहे यापेक्षा ते कोणत्या धक्क्यापासून किती लांब आहे ते बघा. फेरीपासून गावापर्यंतचा रस्ता खाजनातून (बांध घालून खारं पाणी अडवलेल्या सखल शेतजमिनीतून) जातो, रात्री तो सामसूम असतो. ऑफिसच्या वेळेत, सकाळी आणि संध्याकाळी, स्वतः एकदा बोटीने जाऊन-येऊन बघा. बोट पाच-सात मिनिटांत पलीकडे जाते, वेळ खाते ती चारचाकींची रांग. दुचाकी असेल तर रांगेच्या कडेने पुढे जाता येतं.

सासूबाईंचा विचार करता आणखी एक सांगतो. रात्री शेवटची बोट गेल्यावर आणीबाणीत काय करतात, हे धक्क्यावरच्या कर्मचाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना प्रत्यक्ष विचारून घ्या. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर माझं प्रामाणिक मत चोडणकडे झुकतं. तेही बेटच आहे, रायबंदरहून फेरी आहे (२०२५ पासून रो-रो, म्हणजे गाड्या थेट चढवून नेणारी मोठी बोटसुद्धा), पण मयेच्या बाजूने गाडीने बाहेर पडायला रस्ता आहे. बोट बंद असली तरी माणूस अडकत नाही.

कागदोपत्री:

कराराबद्दल. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतो, पुणेकरांना त्याची सवय असते. गोव्यात तो नियम लागू नाही. एक वर्षापेक्षा कमी मुदत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, म्हणून इथे अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर करून नोटरी करतात. मालक 'लीज' शब्द टाळतो याचं वाईट वाटून घेऊ नका. १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांमुळे घर अडकेल ही भीती गोव्यातल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनमालकांच्या, मनात अजून आहे.

सही करण्याआधी घर कोणाचं ते बघा, दाखवणाऱ्याचं की दाखवणाऱ्याच्या मामाचं. बेटावरची बरीच घरं वडिलोपार्जित, सामाईक असतात आणि वारसदार परदेशांत विखुरलेले. घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल मागा. नावं जुळत नसतील तर मुखत्यारपत्राची प्रत घ्या. नाहीतर तीन महिन्यांनी दुसरा भाऊ दारात उभा राहतो आणि तुमचा करार त्याला मान्य नसतो.

जी गोष्ट हमखास राहून जाते ती ही: मालक अनिवासी असेल तर भाड्यावर टीडीएस (उगमस्थानी कापला जाणारा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूची. भाडं कितीही कमी असो, सूट नाही. दर ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. त्यासाठी तुम्हाला टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागतो. मालकाने कमी दराचं प्रमाणपत्र आणलं असेल तर त्यानुसार कापा. ठरवतानाच हा विषय काढा, कारण 'हातात इतके हवेत' असं मालक म्हणाला की ती रक्कम तुमच्या खिशातून जाते.

भाडेकरू पडताळणीचा फॉर्म हद्दीच्या पोलीस ठाण्यात द्या आणि शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. गॅस आणि बँकेचा पत्ता बदलतानाही ती उपयोगी पडते.

मानसकाठ:

घर कधी बघावं यावर थोडं. जुलैत बघितलं की गळती दिसते हे खरं, पण विहिरीचं पाणी तेव्हा गोडच लागतं. खाजनालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, कारण गोड्या पाण्याचा थर पातळ झाला की खालचं खारं पाणी वर चढतं. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात पाणी तपासा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तेच घर पुन्हा बघा. टीडीएस मीटर सोबत ठेवा (हा टीडीएस कराचा नव्हे, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा). पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं मानतं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. विहीर फक्त धुण्या-भांड्यांसाठी असेल तरी हजाराच्या वर गीझर आणि नळांवर क्षार बसतात.

नळाचं पाणी येत असेल तर ते किती वाजता येतं, टाकीपर्यंत आपोआप चढतं की पंप लागतो, हे विचारा. माणशी १३५ लिटर धरलं तर तुमच्या तिघांना दिवसाला चारशे लिटर लागतील. हजार लिटरची टाकी अडीच दिवस पुरते.

भिंती जमिनीपासून तीन फुटांपर्यंत हाताने चाचपा. चिऱ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट असेल तर आतला ओलावा बाहेर पडत नाही. लोणा लागतो, पांढरी पावडर सुटते आणि पापुद्रे निघतात. नुकताच रंग दिलेला असेल तर कपाटामागे बघा, तिथे कोणी रंग देत नाही. चुन्याचा गिलावा खडबडीत दिसला तरी अशा भिंतीला तोच बरा. कौलांखालच्या वाशांना स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी आहे.

घरून काम करणार म्हणून: मोबाइलची रेंज अंगणात नव्हे, बसायच्या खोलीत खिडकी लावून तपासा, जाड चिऱ्यात ती मरते. फायबर त्या वाड्यापर्यंत आलं आहे का ते शेजारच्या घरात विचारा. पावसात माडाच्या झावळ्या तारांवर पडून वीज जाते. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी असलेला इन्व्हर्टर घ्या. दोन पंखे, राउटर, लॅपटॉप आणि दोन दिवे मिळून साधारण अडीचशे वॅट होतात, ते साडेचार-पाच तास चालतं. मीटर घरगुती दराचा आहे ना, तेही बिलावर बघा. आधी गेस्ट हाउस असलेल्या घरांना कधीकधी व्यावसायिक दर लागलेला असतो.

कर्वेनगरकर:

मंडळी, मनापासून आभार. भाड्यावरच्या टीडीएसचं डोक्यातच नव्हतं. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे चोडणही बघतो. सामानाचा ट्रक बोटीवर चढतो का? आणि गाडी एमएच नंबरची आहे, चालेल का?

चिरेबंदी:

पॅकर्सचा मोठा ट्रक बोटीवर घेतीलच असं धरू नका. चोडण ठरलं तर ट्रक मयेच्या रस्त्याने येऊ शकतो. दिवाडी ठरलं तर जुन्या गोव्यात सामान छोट्या टेम्पोत उतरवा आणि दुपारच्या बोटी धरा, सकाळच्या गर्दीत तुम्हाला जागा मिळणार नाही. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि शेवाळाने निसरडा असतो. भरलेला टेम्पो तेव्हा चढवू नका, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून वेळ ठरवा. ऑगस्टचा चौथा शनिवार टाळा, त्या दिवशी दिवाडीवर बोंदेरामचा उत्सव असतो.

गाडी बारा महिन्यांपर्यंत चालते. त्यापुढे गोव्यात राहणार असाल तर पुणे आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्या, इथे रोड टॅक्स भरून फॉर्म २७ ने नवा नंबर घ्या, मग पुण्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आधी लागतं आणि त्यालाच वेळ जातो, तेव्हा पुण्यात असतानाच अर्ज करून ठेवा.

दमा आहे म्हणता, तर मानसकाठ यांनी सांगितलेली भिंतींची तपासणी सासूबाईंच्या खोलीत आधी करा. त्यांचा पलंग बाहेरच्या भिंतीला लागेल अशी खोली असेल तर ते घर सोडून द्या.