‘रीइश्यू’ला काय म्हणायचं: पुनर्मुद्रण, कल्हई की उजाळा?

विचारणा (अर्जुनी मोरगाव): पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डींवर टिपणं लिहितो. ‘पुनर्मुद्रण’ लिहिलं की घोळ होतो, लोकांना वाटतं वाद्यवृंदाला पुन्हा बसवून वाजवून घेतलं. वाद्यवृंद-संचालक कारायान यांनी बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत बेथोव्हनच्या नऊही सिंफनी १९६१-६२ मध्ये ध्वनिमुद्रित केल्या, मग सत्तरच्या दशकात पुन्हा, ऐंशीच्या दशकात पुन्हा. ही तीन वेगळी वादनं. त्यातलंच पहिलं वादन नव्या वेष्टनात परत बाजारात येतं, ते वेगळं. दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

उत्तर (तिवसा): भाऊ, शब्दाचा दोष नाही. मुद्रा म्हणजे ठसा, आणि तबकडी ठशानं दाबूनच निघते. तोच ठसा परत उमटवला की पुनर्मुद्रण. परत वाजवलं तर नवं ध्वनिमुद्रण. विषय संपला. (तुमच्या भागात पळसावर लाख धरते ना, जुन्या तबकड्यांतलं शेलॅक लाखेचंच. लाखेवर मोहोर!)

अडतं ते रीमास्टरिंगपाशी, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्यानं साफ करण्यापाशी. मी त्याला ‘कल्हई’ म्हणतो. भांडं तेच, चकाकी नवी.

विचारणारा: कल्हई नाही जमत हो. तिच्यात वरून कथील चढतं. इथं चढवायचं काही नाही, काढायचं असतं. बुश क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचानं १९३० च्या दशकात वाजवलेल्या बेथोव्हनच्या चौकड्या (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) घ्या. तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं, म्हणून संथ भाग तुकड्यातुकड्यांनी वाजवलेले. माझ्याकडच्या एका प्रतीत खरखर पार पुसली आहे, पण तिच्यासोबत गज तारेवर टेकतानाचा बारीक घासही गेला. व्हायोलिन कापसात गुंडाळल्यासारखं. दुसऱ्या प्रतीत खरखर फोडणी तडतडावी तशी, पण चेलो अगदी पुढ्यात बसून वाजवतो.

आणखी एक (चांदूर रेल्वे): मग ‘उजाळा’ म्हणा की. आमची आजी पाटल्या उजळायला दिल्या की सराफापुढून हलायची नाही. आधी तोलायला लावायची, नंतरही. “तोलूनच वापस देजो, बावा.” घासताना सोनं झिजतं, हे तिला पक्कं ठाऊक. खरखर काढताना नेमकं हेच होतं.

विचारणारा: घेतला. बुशच्या त्या पहिल्या प्रतीखाली आताच लिहिलं: ‘उजाळा लख्ख, सोनं दोन गुंजा कमी.’