माहितीपटात माणसाला किती वेळा रडवायचं?

गोदाकाठ:
"जुने माहितीपट म्हणजे झोपेचं औषध, क्राइम मालिकांनीच हा प्रकार जिवंत ठेवला," असं काल इथे कुणीतरी लिहिलंय. राहवलं नाही म्हणून लिहितो. दोन तासांचा ऐवज सहा भाग ताणायचा, प्रत्येक भाग अर्ध्या वाक्यावर तोडायचा, वर ड्रोन, खाली धडधडतं संगीत. २०२१ च्या 'रोडरनर' या माहितीपटात तर दिवंगत अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेनने लिहिलेली काही वाक्यं एआयने त्याच्या आवाजात वदवली, आणि पडद्यावर तसं सांगितलंही नाही. याला जिवंत ठेवणं म्हणायचं?

रीळवाला:
काका, हे आजचं नाही. १९२२ च्या 'नॅनूक ऑफ द नॉर्थ'मध्ये कॅमेऱ्याला उजेड हवा म्हणून इग्लू अर्धाच बांधला होता. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं, तेही दिवसांचे क्षण करूनच. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट मुख्य सिनेमाआधी दाखवायची सक्ती होती, म्हणून लोक बसायचे. आता पहिल्या पाच मिनिटांत पकडलं नाही तर माणूस पुढे जातो.

बाग_निफाड:
वाटाण्याला कुणी 'परत उगव' म्हणालं नव्हतं. गारपिटीनंतर आमच्या बागेत एक टीम आली. बाबा गळालेले घड उचलत होते. उजेड बदलला म्हणून त्यांना तीनदा चालायला लावलं. तिसऱ्यांदा ते रडले, तेवढंच ठेवलं. छाटणी, फवारणीचा खर्च, सोसायटीचं कर्ज, यावर तासभर बोलले होते, ते सगळं गेलं. वर हिंदी आवाज चढवला. बाबा म्हणाले, "यंदाचा माल गेला." हिंदीत झालं, "हम बरबाद हो गए." बाबा बरबाद झाले नव्हते. पुढच्या छाटणीला उभे होते.

पंचवटीची_ताई:
हेच! डबिंगवर कुणी बोलतच नाही. माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या असल्याच एका कार्यक्रमात घेतल्या. दुसऱ्या ओळीवर निवेदक बोलायला लागला. मावशी टीव्हीसमोरून उठून गेली.

रीळवाला:
ताई, देशभर दाखवायचं तर हिंदी लागणारच. जेवताना सबटायटल कोण वाचतं?

पंचवटीची_ताई:
'ऑल दॅट ब्रीद्स' हिंदीत आहे. २०२२ ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम माहितीपट ठरला, तिथल्यांनी वाचूनच पाहिला ना? हिंदी वाचून चालते, मराठीच तेवढी झाकायची?

रीळवाला:
एकदा एडिटिंगला बसून बघा, मग बोला. मी रोज बसतो. चाळीस तासांचं फुटेज, पंचेचाळीस मिनिटांचा भाग, आणि वरून फोन, "इमोशन कमी पडतंय." घर चालवायचंय मला.

बाग_निफाड:
मग त्या फोनवाल्याशी भांडा. बाबांना कशाला चालवता?

रीळवाला:
तीनदा चालवायला नको होतं. एवढं मान्य. डबिंगचं नाही.

गोदाकाठ:
मी एआयच्या आवाजाबद्दल विचारलं होतं, ते राहूनच गेलं.

पंचवटीची_ताई:
राहिलं कुठे काका? बाबांच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य घालायला एआय तरी कुठे लागला? दादा, ते तासभराचं बोलणं मागून घ्या त्यांच्याकडून.

बाग_निफाड:
मागितलं होतं. कार्ड दुसऱ्या शूटला लागलं, पुसलं म्हणाले.