जिन्यातली लाल खुर्ची

सेक्रेटरी काका: नमस्कार मंडळी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर सोमवारपासून लहान मुलाची लाल प्लास्टिकची खुर्ची पडून आहे. कुणाची? जिना अरुंद आहे. काल गॅसची टाकी वर नेताना पोराचा पाय अडकला. आज संध्याकाळपर्यंत उचलावी ही विनंती.

२०१ मामा: आमची नव्हे.

३०२ वहिनी: आमचीही नाही. मला वाटलं कुणी धुऊन वाळायला ठेवलीय. या पावसात दुसरीकडे कुठे वाळणार?

१०२ ताई: काका, माफ करा, आमच्या चिमीची आहे. मी दोनदा खाली आणली, ती परत नेऊन ठेवते. रागावले तर म्हणाली, "अज्जी तिथं थांबतात."

सेक्रेटरी काका: कोण अज्जी?

१०२ ताई: ३०३ च्या आजी, कन्नडमध्ये अज्जी म्हणतात. नीटच सांगते, नाहीतर गैरसमज व्हायचा.

चिमीच्या शाळेतून दर शनिवारी एक चित्रांचं पुस्तक घरी येतं. गेल्या वेळचं पुस्तक एका मुलाच्या चेंडूचं होतं. चेंडू जिन्यावरून टप्पे खात खाली जातो, मुलगा मागे पळतो, पानावर एकच ओळ. मी चार रात्री वाचून दाखवलं. पाचव्या रात्री तिनं पानाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "आई, ही आजी अजून वर पोचलीच नाही." तेव्हा मी बघितलं. पहिल्या पानावर जिन्याच्या तळाशी पिशवी घेतलेली एक म्हातारी बाई आहे. पुढच्या पानावर चार पायऱ्या वर. मग कठड्याला धरून. मुलगा तिच्या बाजूनं दोनदा पळून जातो. लिहिलेल्या ओळींत तिचा उल्लेखच नाही. शेवटी चेंडू सापडतो, पुस्तक संपतं, आणि ती बाई अजून जिन्यातच.

मला वाटत होतं गोष्ट चेंडूची आहे. चिमीला त्या रात्री झोप येईना. त्या आजीचं पुढं काय झालं, हे एकच.

सोमवारी शाळेतून आली आणि खुर्ची उचलून वर गेली. ३०३ च्या पुट्टूबरोबर जिन्यात खेळताना तिनं अज्जींना त्या वळणावर थांबलेलं रोज बघितलंय म्हणे. मी त्याच जिन्यानं गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते. मी एकदाही बघितलं नाही.

३०३ बँकवाले: ताई, तुम्ही माफी कशाला मागता? आम्ही तर घरातलेच. आई तिथं थांबते हे आम्हाला माहीत नव्हतं. दूध आणायला मी जातो म्हटलं तर "सकाळचं फिरणं होतं" म्हणते. आत्ता हा मेसेज मोठ्यानं वाचला तर गप्प बसली.

२०२ प्रेसवाले अण्णा: सकाळी सहाला नंदिनी दुधाच्या पिशव्या घेऊन येताना मला भेटतात की ओ. मी नमस्कार करतो आणि खाली उतरतो. पिशवी घेऊ काय, म्हणून एकदा तरी विचारायला पाहिजे होतं.

३०३ बँकवाले: आईनं सांगितलंय, ती बोलते तसंच टाईप करायचं. करतो:

"चिमी पुट्टीला कुणी रागवू नका. मी दमत नाही म्हणून सांगणार होतो, खरं आता काय लपवायचं. गुडघा धरतो. वळणावर थांबलो की पिशवी खाली ठेवता येत नाही. ठेवली तर परत वाकून उचलायला होत नाही. म्हणून हातात धरूनच थांबतो. त्या खुर्चीवर मी बसत नाही, बुटकी आहे, बसलो तर उठायला येत नाही. खरं पिशवी ठेवायला छलो (छान) आहे. सोमवारपासून माझा हात मोकळा आहे, कठडा दोन्ही हातांनी धरतो. घरात सांगितलं नाही कारण सांगितलं की दूध आणायचं बंद करतील."

३०२ वहिनी: 🙏 अज्जी, दूध कोणी बंद करणार नाही.

१०१ सर: ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मी ३४ वर्षं मराठी शाळेत शिकवलं. प्रत्येक गोष्ट संपली की फळ्यावर लिहायचो, "तात्पर्य". मुलं एका सुरात सांगायची, "नेहमी खरे बोलावे", "गरिबांना मदत करावी". परीक्षेत मार्क मिळायचे. त्यातलं कितीजणांच्या अंगात उतरलं हे मला सांगता येणार नाही. या पुस्तकात तात्पर्य कुठंच छापलेलं नाही. तरी मुलगी उठली आणि खुर्ची घेऊन गेली. आज जरा बेचैन आहे मी.

३०१ (बी.एड.): सर, आम्हाला यावर वाचायला होतं. २००५ मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवताना त्यांची नजर कुठे जाते ते यंत्रानं मोजलं. मुलं जवळजवळ पूर्ण वेळ चित्रच बघत होती, अक्षरांकडे क्वचित जायची. आपलं उलटं असतं. आपल्याला वाचायला येतं म्हणून आपण ओळ वाचतो आणि पान उलटतो. चांगल्या चित्रपुस्तकात ओळ एक सांगते आणि चित्र त्यापेक्षा जास्त. ते जास्तीचं मुलांच्या वाट्याला येतं.

म्हणून काकूंनो, वाचून दाखवताना पान उलटायची घाई करू नका. मुलाला उलटू दे.

२०१ मामा: फार चांगलं केलं पोरीनं. माझी सूचना आहे. या गणपतीत आपण "चांगुलपणाचं बक्षीस" ठेवू. पार्किंगमध्ये तक्ता लावू, प्रत्येक मुलाचं नाव, मदत केली की एक स्टार. अकरा दिवसांत ज्याचे स्टार जास्त त्याला सायकल. सायकल माझ्याकडून.

३०२ वहिनी: छान आहे कल्पना.

३०१ (बी.एड.): मामा, तुमचं मन मोठं आहे, राग मानू नका. खरं मला बक्षीस नको वाटतंय. जर्मनीत लाइपझिगला फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या बाळांवर प्रयोग केले होते, ते २००६ मध्ये छापून आले. माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो आणि हात पुरत नाही असं दाखवतो. किंवा दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा असतो आणि कपाटाचं दार उघडता येत नाही. कुणी सांगितलं नाही, काही देऊ केलं नाही, तरी बहुतेक बाळांनी निदान एकदा तरी मदत केली. दीड वर्षाची! बोलायला धड येत नाही त्यांना.

मग २००८ मध्ये त्यांनीच जरा मोठ्या, २० महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल दर वेळी एक वस्तू दिली. नंतर द्यायची बंद केली, तर त्या मुलांची मदत कमी झाली. ज्यांना नुसतं शाब्बास म्हटलं होतं किंवा काहीच दिलं नव्हतं, ती आधीसारखीच मदत करत राहिली.

२०१ मामा: आम्ही तर बक्षीसं घेतच मोठे झालो. पळण्यात कप मिळाला म्हणून पळणं सोडलं नाही कुणी.

३०१ (बी.एड.): पळण्याच्या शर्यतीला कप असू दे की मामा. तिथं कुणाला तरी हरवायचंच असतं. अज्जींची पिशवी धरायला दोघं धावले आणि एकाला स्टार मिळाला, तर दुसऱ्याला उद्या अज्जी दिसतील की तक्ता दिसेल?

१०२ ताई: मला पण तक्ता नको, मामा. चिमीनं कुणाला सांगितलंही नव्हतं. काकांनी विचारलं म्हणून कळलं.

२०१ मामा: बरं. सायकलचं राहू दे. शाब्बास म्हणायला तरी परवानगी आहे ना? मी वर जाऊन म्हणून येतो.

३०२ वहिनी: एक विचारू? आमच्या घरी इसापनीती आणि पंचतंत्राचे सचित्र संच आहेत. सिंह, उंदीर, कोल्हा. त्यातून मुलं शिकत नाहीत काय?

३०१ (बी.एड.): शिकतात, गोष्ट म्हणून ती हवीतच. खरं वाटून घेण्याबद्दल टोरंटो विद्यापीठात २०१७ च्या सुमाराला एक अभ्यास झाला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना एकच गोष्ट दोन प्रकारे दाखवली, एकात माणसं, दुसऱ्यात कपडे घातलेले प्राणी. नंतर स्टिकर वाटायला दिले तेव्हा माणसांचं पुस्तक बघितलेल्या मुलांनी जास्त वाटले. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही. तरी चिमीच्या पुस्तकातली आजी अस्वल असती तर तिला आपला जिना आठवला असता काय, असं मला वाटतं.

३०२ वहिनी: आमची आजी सांगायची ती चिमणी-कावळ्याची मला अजून पाठ आहे. पावसात शेणाचं घर वाहून जातं ती. लहानपणी दार न उघडणाऱ्या चिमणीचाच राग यायचा मला, कावळ्याचा नाही. आजी म्हणायची, "येऊ दे की राग."

१०१ सर: वहिनी, हे फार चांगलं सांगितलंत. मी वर्गात त्या रागाला जागा दिली नसती. आळशी कावळ्याचं तात्पर्य लिहून घेतलं असतं.

२०४ काकू: मी कधी लिहीत नाही इथं, आज लिहिते. माझ्या दाराबाहेरचा पेपर पावसात कधी भिजत नाही. तीन वर्षं झाली. पेपरवाला खालीच टाकून जातो हे आत्ता कळलं. कोण उचलून माझ्या दाराच्या कडीला लावतं?

२०२ प्रेसवाले अण्णा: मी काकू. माझा घ्यायला जातो तेव्हा तुमचा पण आणतो. कागद भिजलेला बघवत नाही मला.

२०४ काकू: अण्णा 🙏 मी पेपरवाल्याला दिवाळीला पन्नास रुपये जास्त देत होते.

२०२ प्रेसवाले अण्णा: देत राहा की. तो टिळकवाडीच्या तिसऱ्या गेटपासून सायकल मारत येतो.

३०२ वहिनी: मग माझंही कळू दे. मागच्या आठवड्यात गच्चीवरची आमची सगळी चादरं कुणीतरी पाऊस यायच्या आधी काढून घडी करून जिन्यात ठेवली होती. घडी अशी की इस्त्रीची गरज नव्हती.

३०३ बँकवाले: आई हसतेय. 😊

३०२ वहिनी: अज्जी!! त्या गुडघ्यानं गच्चीवर?

१०२ ताई: मंडळी, चिमीचं एक मागणं आहे. तिला दुसरं पुस्तक करायचंय, ज्यात ती आजी वर पोचते. पुट्टू आणि ती मिळून चित्रं काढणार. कुणाकडे मोठे कोरे कागद आहेत?

२०२ प्रेसवाले अण्णा: कागद माझ्यावर सोडा. डेमी साइजचा, म्हणजे छापखान्यातला मोठा, एक कागद घ्यायचा. एकदा दुमडला की ४ पानं, दोनदा दुमडला की ८, तीनदा दुमडला की १६. त्याला आम्ही १६ पानी फॉर्म म्हणतो. असे दोन फॉर्म म्हणजे ३२. म्हणून चित्रांची पुस्तकं बहुतेक १६ नाहीतर ३२ पानांची असतात, कागद वाया जात नाही. पोरांना १६ पुष्कळ झाली. मी दुमडून, मध्ये पिना मारून, कडा कापून कोरं पुस्तक करून देतो. जाड कागद घालतो, रंग पलीकडे फुटणार नाही. आणि पोरांना प्रेसमध्ये घेऊन या शनिवारी, दुमडायचं त्यांनाच शिकवतो.

३०३ बँकवाले: अण्णा, पुट्टू कन्नड माध्यमात आहे. मराठी बोलतो फाडफाड, वाचायला येत नाही. चिमीला कन्नड वाचता येत नाही. ओळी कुठल्या भाषेत?

३०१ (बी.एड.): दोन्ही! एकाच चित्राखाली दोन ओळी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर असंच मिळतं. २०१५ पासून आहे, फुकट आहे. कितीतरी पुस्तकांची तीच चित्रं मराठीतही सापडतात आणि कन्नडमध्येही. मोबाईलवर वाचता येतात, छापूनही घेता येतात. पहिल्या पातळीच्या गोष्टी तर अगदी थोड्या शब्दांच्या असतात. मी सरावाच्या शाळेत एकच गोष्ट दोन्ही लिप्यांत छापून दोन पोरांच्या हातात दिली. दोघं चित्रावर बोट ठेवून एकमेकांना आपापली ओळ वाचून दाखवत बसली. खानापूरच्या वाडीतलं मराठी पोरगं आणि बैलहोंगलचं कन्नड. मी काही शिकवलंच नाही त्या तासाला.

१०१ सर: मराठी ओळी मी बघून देईन. एक विनंती, आजी वर पोचते त्या शेवटच्या पानाखाली काही लिहू नका. कुठल्याच भाषेत.

३०३ बँकवाले: कन्नड ओळी आई सांगेल, मी लिहीन.

सेक्रेटरी काका: सगळं वाचलं. मी आत्ता टेप घेऊन वळणावर गेलो होतो. खुर्ची कोपऱ्यात भिंतीला चिकटवली तर टाकी जाते, पोराला सांगून ठेवतो. म्हणजे तूर्त खुर्ची राहू दे, माझा सकाळचा मेसेज मागे घेतो. खरं अज्जींना बसता यायला उंच काहीतरी पाहिजे. भिंतीला बिजागरीवर घडीची फळी बसवता येईल. बसायचं तेव्हा खाली, एरवी वर दुमडलेली. सोसायटीच्या खर्चात बसतं. कुणाची हरकत?

२०१ मामा: फळी माझ्याकडे आहे. सागवानी, घर बांधल्यापासून माळ्यावर पडून आहे. सायकलच्या बदली हे तरी घ्या.

३०३ बँकवाले: काका, जमिनीपासून १८ इंचावर लावा. डॉक्टरांनी आईला त्यापेक्षा खाली बसू नको म्हटलंय.

सेक्रेटरी काका: १८ लिहून घेतलं. सुतार रविवारी दहाला येतोय.

१०२ ताई: काका, चिमी विचारते, फळी आली की खुर्ची काढणार काय? अज्जी फळीवर बसल्या तर पिशवी कुठं ठेवायची?

सेक्रेटरी काका: बरोबर आहे तिचं. सुताराला फोन करतो. फळी दोन फुटांची सांगितली होती, तीन फुटांची करायला लावतो.